कुटुंबातील माया आणि तिचा इतिहास

सोलापूरच्या कोणत्याही पेठेत सत्तरी ओलांडलेल्या माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले, तर एक गोष्ट बहुतेक वेळा ऐकायला मिळते, ती म्हणजे वडिलांनी कधी कडेवर घेतल्याचे आठवत नाही. सांगणाऱ्याच्या बोलण्यात तक्रार नसते. आजोबा ओसरीवर बसलेले असताना बापाने स्वतःचे मूल उचलणे त्या काळी बरे दिसत नसे, एवढेच त्याचे म्हणणे असते. तेच वडील पगाराच्या दिवशी न चुकता भज्यांचा पुडा आणत आणि मुलांना वाटून झाल्याशिवाय स्वतः तोंडात काही घालत नसत, हेही तोच माणूस सांगतो. या घरांत प्रेम कमी होते, की ते दाखवण्याची रीत वेगळी होती, असा प्रश्न आपल्याला पडतो. इतिहासकारांनाही तो गेली साठ-पासष्ट वर्षे पडलेला आहे आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

आईच्या मनात मुलाविषयी काय दाटून आले, हे मोजण्याचे साधन इतिहासाकडे नाही. त्याच्या हाती लागतात त्या खुणा : पत्रे, अभंग, ओव्या, वाटणीचे कागद, न्यायालयांचे निकाल, कायदे, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्यामुळे कुटुंबातील प्रेमाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो प्रत्यक्षात प्रेम कोणी, कोणावर, कोणासमोर आणि कशा रूपात करावे याविषयीच्या रीतींचा इतिहास असतो. घरातील कोणत्या नात्याला उघडपणे माया करण्याची मुभा होती आणि ती माया कशावरून ओळखली जात असे, हे काळानुसार बदलत गेले, आणि त्या बदलामागे मृत्यू, मालमत्ता, मजुरी व कायदा ही चार कारणे प्रामुख्याने होती, असे माझे मत आहे.

या विषयावरच्या वादाची सुरुवात युरोपात झाली. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरियेस यांनी १९६० मध्ये असे मांडले की मध्ययुगीन समाजाला बालपण ही स्वतंत्र अवस्था म्हणून ठाऊकच नव्हती. त्या काळच्या चित्रांत मुले छोट्या आकाराच्या मोठ्या माणसांसारखी काढलेली दिसतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९७७ मध्ये इंग्रज इतिहासकार लॉरेन्स स्टोन यांनी आणखी पुढे जाऊन म्हटले की मुले इतक्या मोठ्या संख्येने दगावत असत, की आईबाप त्यांच्यात फारसा जीव गुंतवत नसत, आणि जिव्हाळ्याचे कुटुंब ही सतराव्या-अठराव्या शतकांतली घडण आहे. हे मत बरेच गाजले. मग १९८३ मध्ये लिंडा पोलॉक यांनी १५०० ते १९०० या काळातील सुमारे ५०० रोजनिशा व आत्मवृत्ते तपासली, तेव्हा त्यांत तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणारे आणि मूल गेल्यावर शोक करणारे आईबाप सगळ्या शतकांत आढळले. आज बहुतेक अभ्यासक पोलॉक यांच्या बाजूला झुकलेले आहेत, पण आरियेस यांचा मूळ प्रश्न, बालपणाची कल्पना स्थिर नसते हा, कोणी टाकून दिलेला नाही.

मूल दगावण्याच्या भीतीने माया आटते, हे स्टोन यांचे अनुमान सोलापूरला लावून पाहिले तर काय दिसते? मृत्यूची येथे काहीच कमतरता नव्हती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात १० लाखांहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान २० वर्षांच्या आसपास होते. त्याचा अर्थ माणसे विशीतच म्हातारी होऊन मरत असा नव्हे. जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा वाटा पहिल्या काही वर्षांतच गमावला जात असे, म्हणून सरासरी इतकी खाली येई. १९७१ मध्येसुद्धा देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रात तो १६ होता.

अशा काळात माया आटली असती, तर लोकांच्या श्रद्धाकथांतही मुलाच्या मरणाला फारशी किंमत उरली नसती. शहराच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक पद्मशाली समाज मात्र मार्कंडेय ऋषींना आपला कुलपुरुष मानतो, आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ मिरवणुकीने निघतो. गुणी पण अल्पायुषी मुलगा हवा की दीर्घायुषी पण मतिमंद, अशा निवडीतून आईबापांनी अल्पायुषी मुलगा मागून घेतला, सोळावे वर्ष जवळ येईल तसे ते खचत गेले आणि अखेर शिवाने यमाच्या पाशातून मुलाला सोडवले, अशी ती कथा आहे. मुलाच्या मृत्यूची तारीख ठाऊक असलेल्या आईबापांची गोष्ट एक समाज पिढ्यान्‌पिढ्या आपली उत्पत्तिकथा म्हणून सांगतो, यावरून मला तरी स्टोन यांचे अनुमान येथे टिकत नाही असे वाटते. सटवाईची पूजा, दृष्ट काढणे, मुलाला मुद्दाम दगडू किंवा धोंडू असे नाव ठेवून यमाची नजर चुकवणे, या रीतींतही मुलाविषयीची बेफिकिरी दिसत नाही. दिसते ती भीती, आणि जीव जडल्यावाचून अशी भीती वाटत नाही.

घरातील प्रेमाचा जुना मराठी पुरावा शोधायला सोलापूरकराला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. पंढरपूरच्या नामदेवांच्या घरातील माणसे, म्हणजे आई गोणाई, वडील दामाशेटी, पत्नी राजाई आणि घरात वाढलेली जनाबाई, अभंगांमधून आपापल्या बाजूने बोलतात. त्यांपैकी काही रचना नंतरच्या काळात त्यांच्या नावावर चढल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात, परंतु त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही, कारण ज्यांनी त्या जोडल्या त्यांनाही घर असेच बोलते हे ठाऊक होते. गोणाई विठ्ठलाशी भांडते, कारण नवसाने झालेला मुलगा देवाने आपल्यापासून तोडला असे तिला वाटते. राजाईची तक्रार संसाराची आहे : घरात दाणा नाही आणि नवरा देवळात. प्रेम येथे कौतुकाच्या रूपात येत नाही, ते हक्काने केलेल्या भांडणातून येते. आईचा मुलावर हक्क आहे आणि बायकोचा नवऱ्याच्या कमाईवर, आणि तो डावलला गेला की जो त्रागा होतो, त्यातच नात्याची खोली कळते.

मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याच्या घरी तर पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा अशा सगळ्यांचेच अभंग आहेत. सोयराबाईचे दिवस भरत आले असताना चोखोबा बहिणीकडे निघून गेले आणि विठ्ठलच नणंदेचे रूप घेऊन बाळंतपणाला आला, अशी कथा आहे. देवाला एखाद्या नातलगाचे रूप घ्यायचे होते, तर कथाकारांनी आई निवडली नाही, नणंद निवडली. आजच्या मालिकांतील नणंद पाहणाऱ्यांना याचे नवल वाटेल. गावाबाहेरच्या वस्तीतील त्या घरात संकटाला धावून येणारी बाई म्हणून नणंदेकडे पाहिले जात होते, असा याचा सरळ अर्थ आहे. कर्ममेळ्याच्या अभंगांत मात्र या जातीत जन्म का दिलास असा जळजळीत प्रश्न आहे. घरातील माया घराबाहेरच्या अपमानापासून मुलाला वाचवू शकत नाही, हे त्या मुलाने चौदाव्या शतकातच लिहून ठेवले.

ज्या बायकांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा पुरावा जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आई, लेक, माहेर, सासर, विठ्ठल हे विषय त्यांत येतात, आणि भाऊ हा तर त्यांचा खास लाडका विषय आहे. भावाची वाट पाहणे, त्याने आणलेले लुगडे, त्याला केलेला पाहुणचार, त्याच्या बायकोविषयीची धास्ती हे सारे तपशिलाने गायलेले असते. नवऱ्यावरील प्रेम मात्र बहुधा कुंकू आणि चुडा यांच्या आडून येते, कारण पहाटे दळताना शेजारीच सासू किंवा जाऊ बसलेली असे.

भावाला इतके महत्त्व का, याचे उत्तर मालमत्तेच्या वाटपात आहे. लेकीला वडिलांच्या जमिनीत वाटा नव्हता, म्हणून आईवडील गेल्यावर माहेरचे दार उघडे ठेवणे भावाच्या हातात होते. सासरी छळ झाला, नवरा वारला, दुष्काळ पडला, तर जाण्यासाठी तेवढे एकच घर उरत असे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी धरलेल्या उपवासात श्रद्धा आहे आणि हा हिशेबही आहे. हिशेब दिसला की प्रेम खोटे ठरते असे मानण्याची आपल्याला सवय आहे, पण ती सवय पोट भरलेल्या माणसांची आहे, आणि इतिहासातील बहुतेक घरांत माया व गरज एकाच धाग्यात विणलेल्या होत्या.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत वारसा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संपूर्ण देशाने २००५ मध्ये तिला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच वाटा दिला. त्यानंतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत एक नवेच दृश्य नित्याचे झाले : बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि भावाने घेतलेली साडी घेऊन परततात. काही जणी मनापासून सही करतात, काही जणी माहेर तुटेल या धाकाने करतात, आणि कित्येकींना स्वतःलाही या दोहोंतला फरक सांगता येणार नाही. ओवीतला भाऊ आणि हक्कसोडपत्रातला भाऊ हे एकाच इतिहासाचे दोन टप्पे आहेत.

लग्न कोणत्या घरात होते, यावरही सासरच्या मायेचे स्वरूप ठरत असे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटले होते. उत्तरेकडे मुलगी अनोळखी गावात दिली जाई, दक्षिणेकडे ती शक्यतो नात्यातच राही, आणि महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. मराठी, कानडी आणि तेलुगु एकाच बोळात बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात हा दक्षिणी वळसा अधिक ठळक दिसतो, आणि कानडी व तेलुगु घरांत तर मामा-भाचीच्या लग्नाचीही चाल होती. सासू जर सख्खी आत्या किंवा आजी असेल, तर सुनेचा परकेपणा कमी होतो हे खरे. पण रुसवा घेऊन माहेरी यावे तर तिथेही त्याच नात्यांचा गुंता, ही त्याची दुसरी बाजू आहे. शिवाय जवळच्या रक्ताच्या नात्यातील लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवल्यावर ही चाल शिकलेल्या घरांतून कमी होत चालली आहे.

या सगळ्या नात्यांत सर्वांत उशिरा उघडपणे बोलू लागले ते नवरा-बायकोचे नाते. मोठ्यांसमोर एकमेकांशी बोलायचे नाही, नाव घ्यायचे तर उखाण्यातच घ्यायचे, स्वतःच्या मुलाला चारचौघांत जवळ करायचे नाही, या साऱ्या नियमांमागे एक विचार होता. एका चुलीवर जेवणाऱ्या दहा-पंधरा माणसांत एका जोडप्याची जवळीक वाढली, तर घर फुटेल अशी भीती होती. पुतण्याला खेळवावे आणि स्वतःच्या मुलाकडे काणाडोळा करावा, यात समानता होती, पण तिची किंमत तरुण सुनेने सर्वांत जास्त मोजली, हेही विसरता येत नाही. जुन्या काळी झाडून सारी घरे एकत्रच होती, हा समजही तपासून घ्यायला हवा. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी गुजरातमधील एका खेड्याची १८२५ ची नोंद तपासली, तेव्हा बहुतेक घरे लहानच आढळली. माणसे अल्पायुषी असल्याने तीन पिढ्या एकत्र नांदण्याइतका वेळच अनेक घरांना मिळत नसे.

नवरा-बायकोच्या नात्यातील बदलाची पाऊलखूण एकोणिसाव्या शतकात मिळते. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे १८५६, १८६८ आणि १८७७ सालांची आहेत. पहिल्यात त्या माहेरी आजारपणातून उठत असताना, जातीबाहेरच्यांना शिकवण्यावरून भावाशी झालेला वाद सांगतात. दुसऱ्यात गावकऱ्यांच्या हातून मारल्या जाणाऱ्या एका आंतरजातीय जोडप्याला वाचवल्याची हकिगत आहे, आणि तिसऱ्यात दुष्काळी कामाची. लाडिक शब्द यांत शोधायला गेले तर फारसे सापडत नाहीत. सापडतो तो नवऱ्याला बरोबरीचा सहकारी समजून दिलेला कामाचा अहवाल, आणि त्या काळात याहून मोठी जवळीक कोणती असणार, असा प्रश्न पडतो. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत, नवऱ्याकडून रात्री शिकताना आणि दिवसा घरातील बायकांचे टोमणे ऐकताना झालेली ओढाताण नोंदवली आहे. शिकवणे हाच तेथे प्रेमाचा मार्ग होता, आणि घरातील इतरांना तो आगाऊपणा वाटत होता.

कायदाही या घरांत हळूहळू शिरला. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य नसल्याने नवऱ्याकडे जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत गाजला. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये मुलीचे संमतिवय १० वरून १२ केले, आणि १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवले. वय वाढले तशी लग्नात मुलीच्या पसंतीला जागा झाली, जरी ती जागा अजूनही अनेक घरांत चहाचा ट्रे घेऊन येण्याएवढीच आहे.

सोलापूरच्या घरांवर याहून खोल परिणाम मजुरीने केला. दुष्काळाच्या ऐन धामधुमीत, १८७७ मध्ये, येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, जिला लोक पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. खेड्यातून आलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा रोख पगार पडला. भावकीत वाटला न जाणारा हा पैसा बायको-मुलांवर थेट खर्च करता येऊ लागला. पण त्याच गिरणीने घराचे तासही हिरावले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामाला घेण्यास मनाई केली, म्हणजे सात वर्षांचे मूल दिवसाला नऊ तास काम करू शकत होते. ही मर्यादा १८९१ मध्ये नऊ आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर गेली. बाळंतिणीला पगारी रजा देणारा देशातील पहिला कायदा मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये केला, तेव्हा सोलापूरच्या गिरण्यांतील बायकाही त्याच्या कक्षेत आल्या.

पूर्व भागातील मागवाल्यांच्या घरांत मात्र काम आणि घर वेगळे झालेच नाही. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, बाप चादर विणतो आहे, आई कांड्या भरते आहे आणि शाळेतून आलेले मूल सूत उलगडते आहे, असा दिवस असे. मुलावर माया करणे म्हणजे त्याला वेळ देणे, ही आजची कल्पना या घराला लागू पडत नाही, कारण मूल दिवसभर आईबापांजवळच होते, फक्त सगळ्यांचे हात कामात होते. गिरण्या बंद पडू लागल्यावर अनेक घरांत विड्या वळणारी आई हीच मुख्य कमावती झाली. महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने कुंभारीला उभारलेली १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये त्यांना मिळाली, आणि भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दारात आलेल्या या बायकांचा घरातील शब्द वजनदार झाला.

सरकारने काही आईबापांच्या मायेवरच अविश्वास दाखवल्याचा दाखलाही याच शहरात आहे. सेटलमेंट या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या भागात, जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जात असे, आणि त्यांतील अनेकांना गिरणीत कामाला लावले जाई. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या १९११ च्या रूपात मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. चोरीसारखेच प्रेमही पिढीजात असते आणि दोन्ही तोडले पाहिजेत, असा तो विचार होता. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुटुंबाचा इतिहास लिहिताना पंढरपूर आठवते, पण सेटलमेंट क्वचितच आठवते.

आज बाप मुलाला शाळेच्या दारात मिठी मारतो आणि आजोबांनाही त्यात वावगे वाटत नाही. मूल जगेल याची खात्री आली, मुले थोडी झाली आणि शब्दांनी व स्पर्शाने माया दाखवण्याची रीत रुजली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी १.७ अपत्ये होतात. एकुलत्या मुलाची एकुलत्या मुलीशी लग्ने झाली, तर पुढच्या पिढीला मामा, मावशी, काका आणि आत्या यांपैकी कोणीच सख्खे असणार नाही, आणि जी माया पूर्वी दहा नात्यांत वाटली जाई ती सारी आईबाप आणि जोडीदार या दोन-तीन माणसांकडूनच मागितली जाईल. त्यातून शिकलेली मुले पुण्याला नोकरीला जातात. सोलापूरचे घर आईवडिलांकडे राहते आणि भेट शनिवार-रविवारवर येते.

म्हातारपणी सांभाळण्याचे काम पूर्वी रीतीने होत असे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे आणले. मुलांकडून निर्वाह भत्ता मिळवून देण्याचा अधिकार या न्यायाधिकरणाला आहे, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळू शकते. म्हणून मुलाच्या नावे घर करताना ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, असा सल्ला वकील आता आईवडिलांना देतात.